आमच्याकडची मिशनवाली

भाईंदर पूर्वेला राहायला मिळालं म्हणून आनंदाने टाळ्या वाजवणारं माणूस मी आख्ख्या आयुष्यात एकच पाहिलंय. बाकी आम्ही सगळे इथे आलो ते 'काय करणार, गिरगावात परवडत नाही' असं म्हणत, आणि पाहुण्यांना पत्ता सांगताना 'तसं काही फार लांब नाही हो' अशी आधीच माफी मागत. ही बाई मात्र पोलंडहून दोन विमानं बदलून आली, आमच्या बिल्डिंगच्या दारात रिक्षातून उतरली, समोरचं चपलांचं दुकान, त्याला चिकटलेलं मोबाईल रिपेअरिंग, त्याच्या डोक्यावरची क्लासची पाटी, पाटीवरून गेलेल्या केबलच्या वायरी आणि वायरींवर बसलेली कबुतरं हे सगळं एका नजरेत पिऊन घेतलं, टाळ्या वाजवल्या आणि मोठ्याने म्हणाली, "अहाहा! किती धन्य हे नगर!" रिक्षावाल्याने मान बाहेर काढून नगराकडे पाहिलं. रोज इथूनच ये-जा करूनसुद्धा आपलं काहीतरी पाहायचं राहून गेलंय, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली.

ही आमची मिशनवाली. तिचं खरं नाव उच्चारायला गेलं की आमच्या यांची कवळी निसटते, म्हणून बिल्डिंगने पहिल्याच दिवशी तिला हे नाव देऊन टाकलं आणि तिनेही ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं. वय बासष्ट, उंची अशी की आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून वाकून यावं लागतं, केस पांढरेशुभ्र आणि कानाच्या वर कापलेले. व्यवसाय विचाराल तर ट्राम ड्रायव्हर. होय, उभा जन्म तिने आपल्या गावात ट्राम चालवली. विशीत असताना तिला मिशनवर जायचं होतं, कुठेतरी दूरदेशी जाऊन गरजूंची सेवा करायची होती. पण आधी आई अंथरुणाला खिळली, मग लग्न झालं, मग पोरं, मग नवऱ्याचं आजारपण, असं करता करता ते राहूनच गेलं. नवरा गेला, पोरं मार्गाला लागली, ट्राम सुटली, तेव्हा हिने चर्चच्या मिशनला कळवलं की मी अजून तयार आहे, कुठेही पाठवा. त्यांनी पाठवलं ते थेट आमच्या भाईंदर पश्चिमेकडच्या डोंगरीला, समुद्राकाठी. तिथे सिस्टर लोक निराधार म्हाताऱ्या बायकांसाठी एक घर चालवतात आणि तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण. तिचा मला फोन आला की स्वयंसेवकांच्या खोलीचं छप्पर उतरवलंय, सहा महिने तरी लागतील, तुझ्या लेकीची खोली रिकामी आहे ना, तोवर ठेवून घेशील का एक बाई? सहा महिन्यांनी तिचं काम बघून ठरवू, पुढे दोन वर्षं ठेवायची की परत पाठवायची. मी म्हटलं, पाठव. तेवढंच घरात चार दिवस हसणं-बोलणं होईल.

सोसायटीत आधी जरा कुजबुज झाली. मिशनवाली म्हणजे लोकांचा धर्म बदलायला आली की काय, असं आमच्या सेक्रेटरींना वाटलं आणि ते रीतसर चौकशीला आले. सेक्रेटरी मूळचे चिपळूणचे, पण अनोळखी माणूस दिसलं की हिंदीत शिरतात. ते घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, आपका मिशन क्या है?" हिने उभं राहून दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "बंधो, मी भांडी घासण्यास आले आहे." सेक्रेटरी गडबडले. "मतलब?" "भांडी, चादरी, वृद्ध भगिनींची नखे. जे काही पडेल ते. मला कुणाला काही शिकवायचे नाही. मला स्वतःलाच फार थोडे येते." सेक्रेटरी चहा घेऊन गेले आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, बाई साधी आहे, उगाच शंका घेऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून तिच्यासाठी घावन आणि नारळाचा रस आला. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात म्हणाल तर या घावनांपासून झाली.

पण आधी तिच्या मराठीबद्दल सांगायला हवं. तिच्या गावात एक अतिवृद्ध फादर होते. तरुणपणी ते वसईकडे राहून गेलेले. त्यांच्याकडून हिने मराठी शिकून घेतलं, तेही ट्रामची ड्युटी सांभाळून. फादरांचं मराठी प्रार्थनेचं, तेही जुन्या काळातलं, त्यामुळे ही बोलायला लागली की रविवारची उपासना चालू आहे असं वाटायचं. गॅस संपला की ही बाहेर येऊन गंभीरपणे सांगणार, "ताई, अग्नी विझला आहे." एकदा दुपारी मी गाढ झोपलेली असताना हिने माझ्या कानाशी येऊन हळुवार आवाजात म्हटलं, "ताई, उठा. आपल्या दारी दूत आला आहे." मी ताडकन उठून बसले. म्हटलं, एवढ्यातच? अजून लेकीचं बाळंतपण व्हायचंय! बाहेर येऊन पाहते तर कुरियरवाला, यांचे मोजे घेऊन उभा.

आणि हे मराठी ती भेटेल त्याच्याशी बोलायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की भाईंदरला राहायचं तर मराठी घरात आणि हिंदी रस्त्यावर असा आमचा अलिखित करार आहे. भाजीवाल्याकडे मी नेहमीच्या सवयीने, "भैया, दुधी कैसे दिया?" म्हणाले, तर ही आधी माझ्याकडे पाहते, मग त्याच्याकडे पाहते आणि त्यालाच विचारते, "बंधो, आपण या नगरात किती काळ राहता?" तो म्हणाला, "जनम यहीं का है माताजी." हिने टाळ्या वाजवल्या. "मग आपण माझे गुरू! मला सांगा, या भाजीला काय म्हणतात?" तो बिचारा आधी लाजला, मग म्हणाला, "दुधी भोपळा." मग एकेक भाजी उचलून सगळी गाडी तिला मराठीत म्हणून दाखवली, पडवळ, घोसाळं, सुरण, अळू, आणि प्रत्येक नावाला ही टाळ्या वाजवत होती. मागे बायकांची रांग लागली. इतकी वर्षं मी त्याच्याकडून भाजी घेते, त्याला एवढं मराठी येतं हे मला माहीतच नव्हतं, आणि मला येतं हे त्यालाही. तेव्हापासून तो माझ्याशी मराठीत बोलतो आणि भावात एक पैसा कमी करत नाही, कारण मराठीत घासाघीस करायची माझी सवयच मोडलेली आहे.

उत्साह तर असा की सकाळी सहाला ही जागी झाली की घराला जाग येणार. आमच्याकडे पाणी यायचं म्हणजे आधी नळ खोकतो, गुरगुरतो आणि मग एकदम धो धो सुटतो. आम्हाला त्या आवाजाने कपाळावर आठ्या येतात. हिला तो आवाज आला की, "आले! आले! आले!" असं ओरडत ही बादल्या घेऊन धावणार, आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्यांना वाटणार की कुणाच्या घरी पाहुणे आले. कुकरच्या शिट्टीला ती दचकायची नाही, उलट खूश व्हायची. कुठलंही वाहन सुटताना इशारा देतं, तसा भात सुटतोय, असं तिचं म्हणणं. शेजारच्या लग्नातला बँड, गणपतीचा राहिलेला मांडव, गच्चीवर वाळत घातलेले पापड, दुधाच्या पिशव्या दारात टांगायची आमची कापडी पिशवी, प्रत्येक गोष्टीचं तिला इतकं कौतुक की आमचे हे, जे एरवी वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नाहीत, तेसुद्धा एकदा पापडाकडे पाहून म्हणाले, "तसा चांगला लागतो नाही?"

रोज सकाळी ती पश्चिमेला जाऊन डोंगरीची बस पकडायची. बस हा तिच्या दृष्टीने ट्रामचा धाकटा, वांड भाऊ. जागा रिकामी असली तरी ती बसायची नाही, ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभी राहायची आणि रस्त्याकडे असं डोळ्यांत तेल घालून बघायची की जणू बस तीच चालवतेय. मी एकदा बरोबर गेले होते. समोर काही आलं की हिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. एका वळणावर माशांच्या टोपल्या घेऊन बायका रस्ता ओलांडत होत्या आणि ड्रायव्हर नुसताच हॉर्न वाजवत पुढे जात होता, तर हिने मागून गर्जना केली, "बंधो, नाद नको, ब्रेक!" ड्रायव्हरने खाडकन ब्रेक मारला. आख्खी बस पुढे झुकली आणि मागे आली. मला वाटलं, आता हा हिला खाली उतरवतो. तर तो वळून म्हणाला, "चलाती थी क्या?" हिने ताठ होत सांगितलं, "ट्राम." त्या दिवसापासून तो बस सुरू करण्याआधी आरशातून तिच्याकडे बघायचा आणि ती मान हलवायची. परवानगी मिळाल्याशिवाय बस हलत नसे.

आता तुम्ही म्हणाल, इतकी आनंदी बाई, हिला अडचण ती कसली? अडचण आमची होती. म्हणजे आमच्या पाहुणचाराची. ही आली होती सेवा करायला, आणि आमच्यात पाहुण्याला ताटसुद्धा उचलू द्यायची पद्धत नाही. जेवून झालं की ही ताट घेऊन उठणार, मी तिच्या हातातून ते ओढणार. "राहू दे गं, बस तू." "ताई, मी घासते." "अगं, असं कसं?" दोघी ताटाला धरून उभ्या, हे आपले आमटी भुरकताहेत. एकदा तिने पहाटे उठून झाडू घेतला, तर मी झोपेतून धावत येऊन तो काढून घेतला. मला वाटायचं, मी किती जिव्हाळ्याने वागतेय. आणि मी एकटी नव्हे. सेक्रेटरींच्या घावनानंतर समोरच्या जैन काकूंकडून खांडवी आली, वरच्या मजल्यावरून मोदक, मागच्या बिल्डिंगमधून ईदचा शीरखुर्मा, कुणाच्या डोहाळेजेवणाचं ताट, कुणाच्या पूजेचा शिरा. ही प्रत्येक घरी जाऊन म्हणायची, "मला भांडी द्या, मी घासून आणते." त्यावर लोक पोट धरून हसायचे आणि आणखी एक वाटी वाढायचे. दोन महिन्यांत तिचे पोलंडहून आणलेले स्कर्ट कमरेला होईनात. ती माझ्यासमोर उभी राहून खिन्नपणे म्हणाली, "ताई, मी सेवा करण्यास आले आणि रुंद झाले."

एक दिवस मी बाजारात गेले होते आणि हे डुलक्या घेत होते, तेवढ्यात तिने संधी साधली. ओट्याखालचा माझा बिडाचा तवा तिला दिसला. काळाकुट्ट, तेलकट. सासूबाईंनी रत्नागिरीहून आणलेला, वर्षानुवर्षं तेल पिऊन असा तयार झालेला की घावन नुसतं फुंकर मारली तरी सुटावं. हिला वाटलं, बिचाऱ्या ताईंना हा घासायला जमत नाही. तिने घासणी घेतली, पावडर घेतली, ट्राम धुतल्यासारखा तो तवा धुतला, आणि मी परत आले तेव्हा दारातच तो आरशासारखा समोर धरून उभी. "पाहा ताई! आपले मुख दिसते!" दिसत होतं. माझं मुख मला त्यात दिसत होतं आणि ते बघण्यासारखं नव्हतं. माझी लेक असती तर त्या दिवशी बिल्डिंग हादरली असती. पण ही पाहुणी. मी दात दाखवून म्हटलं, "वा! किती छान घासलास गं!" दुसऱ्या दिवशी घावन तव्याला असं चिकटलं की उलथन्याने खरवडून काढावं लागलं. ते तिने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. "ताई, आपण रागावल्या का नाहीत?" मी म्हटलं, "छे, राग कसला त्यात?"  पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा तिने 'आले आले' म्हटलं नाही.

डोंगरीला काही वेगळं होईल असं तिला वाटलं होतं, पण तिथे तर अधिकच. म्हाताऱ्यांना कळलं की पार युरोपातून बाई आपल्याला भेटायला आलीये. जी अंथरुणावरून उठत नव्हती ती उठून चादर नीट करायला लागली. जिला चालवत नव्हतं ती हिच्यासाठी खुर्ची ओढून आणायला लागली. ही नेलकटर घेऊन कुणाजवळ बसली की ती म्हातारी हात मागे घेऊन म्हणायची, "तू पाव्हणी ना गो? तुझ्याकडून नखां काढून घेऊ काय मी?" आणि हिच्याच डोक्यावरून हात फिरवायची. चहा यायचा, बिस्किटं यायची, पंखा हिच्याकडे वळवला जायचा. माझी मैत्रीण, म्हणजे मोठ्या सिस्टर, फोनवर हसून हसून बेजार. "अगं, ही आल्यापासून माझ्या निम्म्या म्हाताऱ्यांची औषधं कमी झाली. सगळ्या तिच्या सरबराईत. एकच काय ती धड नाही, ती स्वतः." मग तिचा आवाज जरा बदलला. "पण खरं सांगू का, रोज दुपारी ती चॅपलमध्ये जाऊन एकटीच बसते. मला काळजी वाटते. मागचे दोघे स्वयंसेवक असेच परत गेले."

आणि एक दिवस ती मला म्हणालीच. मी मटार सोलत होते, ती समोर हात मांडीवर ठेवून बसली होती, कारण मटारच्या टोपलीला मी तिला हात लावू देत नव्हते. "ताई, माझी मुलगी तिकीट काढू का, असे विचारते आहे. सहा महिने पुरे होत आले. मी तिला होय म्हणणार आहे." मी म्हटलं, "अगं, का? काही कमी पडलं का तुला इथे?" ती म्हणाली, "काही कमी नाही. सर्व जण मला देतात. पण मी चाळीस वर्षे थांबले ती खाण्यासाठी नाही. खाणे माझ्या देशातही आहे. जिथे माझा उपयोग नाही, तिथे मी फक्त एक मोठी, उंच, भुकेली बाई आहे." हे बोलताना ती रडली नाही. तिचं ते प्रार्थनेचं मराठी पहिल्यांदाच मला हसू आणू शकलं नाही. मला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात मी काय करावं? उठून तिच्यासाठी शिरा केला.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, संध्याकाळी चारच्या सुमाराला, जिन्यात गडगडाट झाला. आमची लिफ्ट बंद होती, म्हणजे ही धावत जिने चढत होती. आधी वास आला. सुक्या बोंबलाचा, असा सणसणीत की जैन काकूंनी दार लावता लावता पदर नाकाला लावला. मागोमाग ही. केस विस्कटलेले, स्कर्टला खवले आणि मीठ, गालावर काळा डाग, एका हातात पेढ्यांचा पुडा. जैन काकूंचं दार बंद होण्याआधी तिने पाय आत घातला, त्यांच्या हातात पेढा ठेवला आणि ओरडली, "काकू! मला शिव्या मिळाल्या!" मग सेक्रेटरींचं दार. "बंधो! मला शिव्या मिळाल्या! पेढा घ्या!" मग आमचं. मला मिठी मारून तिने तो बोंबलाचा वास माझ्या नव्या गाऊनला कायमचा देऊन टाकला. "ताई, ती म्हणाली की माझ्या डोक्यात शेण भरले आहे! शेण, ताई!"

झालं होतं असं. म्हाताऱ्यांच्या त्या घरात एक मावशी आहेत. जन्मभर मासे विकलेल्या, ऐंशीच्या पुढच्या, बोलण्यात कुणाला ऐकणार नाहीत. सिस्टरांच्या मागच्या अंगणात काठ्या उभारून थोडे बोंबील वाळत घालायचा त्यांचा हट्ट असतो आणि तो सिस्टरांनाही मानावा लागतो. त्या दुपारी मावशी काठीवरून बोंबील उतरवत होत्या आणि ही नेहमीसारखी खुर्चीत, चहाचा कप हातात, कौतुकाने बघत. तेवढ्यात कुत्र्यांचं एक टोळकं कुंपणातून आत घुसलं आणि थेट टोपलीकडे. आता पाहुणी कोण, यजमान कोण, हे बघायला मावशींना वेळ कुठे होता? त्यांनी कडाडून हाक मारली, "अगो ए! बसून काय ऱ्हायलीस दगडासारकी? हात न्हाय काय तुला? डोक्यात शेण भरलाय? उचल ती टोपली, उचल!" ही आधी थिजलीच. मग कप फेकला, टोपली उचलली आणि डोक्यावर घेऊन कुत्र्यांच्या पुढे अंगणभर धावली. उंची कामाला आली, कुत्र्यांच्या उड्या पोचेनात. मावशी मागून काठी घेऊन, "हिकरं न्हाय, तिकरं जा! अक्कल न्हाय, म्हातारी झाली तरी!" असं ओरडत. कुत्री गेली. हिला वाटलं, आता माफी मागतील, खुर्ची देतील, चहा येईल. मावशींनी खुर्ची काढूनच टाकली. म्हणाल्या, "बसतेस कनाला? ती दुसरी काठी कोन उतरवल, तुझा बाप?"

"आणि मी उतरवली, ताई," ती पेढा खात सांगत होती. "सगळी. मग मावशींच्या पायाला तेल लावले. त्यांनी पाय मागे घेतला नाही. त्या म्हणाल्या, नीट लाव, गुदगुल्या करू नको. उद्या सकाळी लवकर यायला सांगितले आहे. उशीर केलास तर बघ, असे म्हणाल्या." मग एकदम हुंदका देऊन ती आमच्या सोफ्यावर बसली आणि इतकी रडली, इतकी रडली, की आमचे हे वर्तमानपत्र ठेवून उठले आणि त्यांना काय करावं ते न सुचल्यामुळे त्यांनी पंखा वाढवला. मीही रडत होते. बोंबलाच्या वासाने डोळे चुरचुरतात असं मी नंतर जैन काकूंना सांगितलं, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्यांना पटलं नसावं.

पोलंडचं तिकीट राहिलं. मावशींनी एकदा तोंड सोडल्यावर बाकीच्या म्हाताऱ्यांनाही सुटल्यासारखं झालं. कुणी म्हणे माझं पांघरूण झटक, कुणी म्हणे तुला साधी वेणी घालता येत नाही, कुणी म्हणे मेली कुठे उलथली होती सकाळपासून. सिस्टरांनी दोन वर्षांसाठी हो म्हटलं, छप्पर झालं, खोलीला रंग लागला, आणि ती तिची एक बॅग घेऊन डोंगरीला राहायला गेली. जायच्या दिवशी बिल्डिंग खाली उतरली होती. डबे इतके दिले की रिक्षात तिला पाय ठेवायला जागा उरली नाही. आता तिच्या मराठीत डोंगरी उतरलीये. परवा फोनवर म्हणाली, "परमेश्वर कृपाळू हाय, ताई, पण मावशीपुढे त्याचेही काही चालत न्हाय."

आमच्या घरात मात्र सकाळी सहाला नळ खोकतो, गुरगुरतो आणि धो धो सुटतो, आणि कुणी ओरडत नाही. मी मुकाट्याने बादल्या भरते. ती एखाद्या रविवारी येते, बसने, दांडा धरून. आली की मी तिला सोफ्यावर बसवते, बशीत चिवडा, ट्रेमध्ये चहा, नवे कप. मागच्या वेळी तिने कप हातात घेतला, ट्रेकडे पाहिलं आणि फार हळू विचारलं, "ताई, मी आपल्या घरी कधी येणार?" मी म्हटलं, "अगं, आलीस की. ही काय बसलीयेस." ती म्हणाली, "डोंगरीला मी आले. भाईंदरला अजून यायचे हाय."

यांनी वर्तमानपत्र खाली केलं.  समोर पेपरवर मेथीची जुडी पडली होती, संध्याकाळच्या भाजीची. मी ती उचलली, मोडून दोन वाटे केले आणि एक तिच्या मांडीवर टाकला. म्हटलं, "घे. निवड." ती लगेच कामाला लागली. मी तिरक्या डोळ्याने बघत होते. काडीच्या काड्या, मुळांपासून शेंड्यापर्यंत, सगळं ताटात जात होतं. गप्प बसायला मी तोंड मिटलंही होतं. पण आतून काय आलं कोण जाणे, मी ओरडलेच, "अगं ए बये! देठं कोण खाणार? पानं खूड, पानं! एवढी मोठी झालीस, मेथी निवडता येत नाही?" तिचा हात थांबला. मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग खाली बघून एकेक पान खुडायला लागली. टाळ्या वाजवल्या नाहीत. मीच उठून आत गेले, उगाच, डबे इकडचे तिकडे करायला.

पुढच्या वर्षी तिची दोन वर्षं संपतील. ती जाईल. तिच्या गावात मेथी मिळते का, मला माहीत नाही, आणि मिळालीच तरी तिला कुणी निवडायला बसवेल असं वाटत नाही. तोवर शनिवारी आणलेली जुडी मी सोडत नाही. तशीच बांधलेली ठेवते, रविवारची बस येऊन जाईपर्यंत.